मागच्या दहा, पुढच्या दहा

१

ग्लेब रुदाकोव आंघोळ करून डोकं पुसत बाहेर आला, तेव्हा त्याच्या निळ्या डबीत कॅमेऱ्याची पाचाऐवजी चारच कार्डं होती.

मी ओसरीवर दुसरा चहा पीत बसले होते. त्याने डबी माझ्यापुढे धरली आणि रशियन भाषेत तो जे काही बोलला, त्याचं भाषांतर मी इथे करणार नाही. दुभाष्याने सगळं सांगावं असा नियम आहे खरा, पण दुभाष्यालाही घरदार असतं.

"कुठलं गेलं?" मी विचारलं.

"सोमवारचं," ग्लेब म्हणाला, आणि मटकन खाली बसला.

सोमवारचं कार्ड म्हणजे काय, ते समजायला आधी हा माणूस कोण ते समजायला हवं. ग्लेब व्होल्गा नदीच्या काठचा. शिकला पूल बांधायला, पण शिकता शिकता जिल्ह्याच्या पेपराला फोटो द्यायचा. पेपर बंद पडला, तेव्हा त्याने छप्पर नसलेल्या एका बसस्टॉपचा फोटो काढून स्वतःच्या ब्लॉगवर टाकला आणि खाली फक्त जागा आणि वेळ लिहिली. महिन्याभरात स्टॉपला छप्पर मिळालं आणि ग्लेबला वाचक. मग पूर, वणवे, बंद पडलेल्या गिरण्या, बर्फात अडकलेल्या गाड्या. बारा वर्षं झाली, रोज एक फोटो. आज अकरा लाख लोक त्याचा ब्लॉग वाचतात. त्याचा हट्ट एकच, की प्रसंग मांडून फोटो काढायचा नाही आणि काढलेल्या फोटोत मागाहून काही घुसवायचं नाही.

"जिथे पर्यटक फिरकत नाहीत अशी शहरं" ही त्याची नवी मालिका. त्या यादीत भिवंडीचं नाव बघून अभिमान वाटावा की राग यावा, हे माझं अजून ठरलेलं नाही. रशियन मी शिकले, कारण जर्मनच्या वर्गात जागा नव्हती. "हिचा उपयोग कधी होणार?" असं आई सात वर्षं विचारत होती. तर झाला.

त्याला भिवंडीजवळच्या राहनाळ गावात आणलं ते कुणालने. तो ग्लेबचा जुना वाचक. वडील केसरीनाथ शेठ यांची एके काळची भातशेती आता गोदामांखाली गेलेली, त्यामुळे घर तीन मजली आणि बाहेरूनसुद्धा लाद्या लावलेलं. ग्लेबचं नाव शेठच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा गुलाबभाऊ झाला.

आणि सोमवारी तो फोटो निघाला. कुणालची आई राहीबाई, वय अडुसष्ट, नऊवारी, गळ्यात ठसठशीत सोनं. गोदामातला माल उचलायचा फोर्कलिफ्ट चालवताहेत आणि आभाळाएवढ्या हसताहेत. "माज्या जमिनीवर उभी हाय ना गाडी? मंग मी का न्हाय चालवायची?" असं म्हणून त्या चढल्या होत्या. फोटो जगभर फिरला. युरोपातल्या, दर आठवड्याला होणाऱ्या एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीतही गेला.

मग कुणीतरी लिहिलं, की ही बाई खरी नाहीच, हा संगणकाने बनवलेला फोटो आहे. दोन दिवसांत हजारो लोक तेच म्हणू लागले. त्या सकाळी नाश्त्याला बसलो असताना स्पर्धावाल्यांची मेल आली. ती मी सगळ्यांना मराठीत वाचून दाखवली. मूळ फाइल पाठवा, आणि तिच्या मागच्या दहा आणि पुढच्या दहा फ्रेमही, म्हणजे आधीचे-नंतरचे फोटोही पाठवा. आज संध्याकाळी सहापर्यंत. नाही आल्या तर फोटो बनावट असल्याचं आम्ही जाहीर करू.

"एवढंच ना!" ग्लेबने ते कार्ड डबीतून काढून सगळ्यांना दाखवलं, हसला, डबी ओसरीवरच्या बॅगेत ठेवली आणि आंघोळीला गेला.

दुसरी प्रत नव्हती. प्रती साठवायची त्याची डिस्क पडघ्याहून येताना रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हाच गेली होती. बारा वर्षांचं नाव आता नखाएवढ्या त्या कार्डावर होतं, आणि साडेनऊ वाजले होते.

मी माईला फोन लावला.

२

माई माझी आत्या. ब्राह्मणआळीत राहते, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. निम्म्या भिवंडीने तिच्या हातची छडी खाल्ली आहे आणि उरलेली निम्मी तिच्याकडे शिकवणीला होती. हरवलेली वस्तू शोधायला लोक पोलिसांआधी तिच्याकडे येतात, कारण पोलीस चहा पितात आणि ही करून देते.

रिक्षातून उतरल्या उतरल्या तिने ग्लेबकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्याला सांग, रडायचं नाही. चोरी हेही एक उदाहरणच असतं. दिलेलं काय आहे ते नीट वाचलं, की अर्धं सुटतं."

दिलेलं असं होतं. नाश्त्याला चौघं हजर होते: केसरीनाथ शेठ, राहीबाई, कुणाल, आणि किल्ल्या द्यायला आलेला फोर्कलिफ्टवाला रघू. बाहेरचं कुणी आलं नव्हतं. चौघांनीही कार्ड पाहिलं होतं. त्यानंतर जो तो आपापल्या वाटेला गेला आणि बॅग वीस मिनिटं ओसरीवर एकटी होती.

"कॅमेरा जागेवर?" माईने विचारलं.

"जागेवर. तोच चार लाखांचा आहे."

"म्हणजे चोर प्रामाणिक आहे," माई म्हणाली. "अशांना पकडणं सोपं असतं. आधी कुणालला बोलाव."

३

कुणालचं स्वतःचं पोर कॉलेजात आहे, पण माईसमोर तो बाकावर उभा केल्यासारखा उभा राहिला.

"बाई, खरं सांगतो. फोटोमुळे माझी झोप उडालीय. गोदाम ज्या कंपनीला दिलंय, त्यांचे नियम कडक आहेत. लायसन नसलेल्या माणसाने फोर्कलिफ्ट चालवायचा नाही. आणि इथे तर आमची आईच! त्यांच्या साहेबाचा दोनदा फोन येऊन गेला. फोटो खोटा ठरला असता तर मी सुटलो असतो. पण बाई, मी कार्ड नाही घेतलं."

"नववीतही असंच म्हणाला होतास. वही तुझ्याच दप्तरात निघाली होती."

"बाई, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो!"

रघू पडघ्याचा, चाळिशीचा गडी. त्याला एवढा घाम फुटला होता की मी पंखा वाढवला. "किल्ली मीच दिली मावशींना. माजी नोकरी जाल त्याच्यात. पन माई, कार्डाचा मना काय ठाव न्हाय. गोदामात सोमवारी दुसरा कोनी नव्हता, आईशप्पत."

"दुसरं कोण होतं म्हणून मी विचारलंच नव्हतं रे," माई गोड आवाजात म्हणाली.

राहीबाईंनी आम्हाला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि पुढ्यात वांग्याची भाजी ठेवली. भाजी झकास होती, पण मासळीवर वाढलेल्या आगरी घरात पाहुण्याला वांगं? माझा चेहरा बघून त्या हसल्या.

"पाच म्हैने असाच चाललाय. गावदेवीच्या देवलाचा काम काढलाय ना, शेठ अध्यक्ष हायेत. भर सभेत उठून बोलले, कलस चढंपर्यंत म्हावरा तोंडात घालनार न्हाय! मंग मी तरी कुनासाठी शिजवू? सुक्या म्हावऱ्याचा डबा तो बगा, वर बांधून ठेवलाय."

आम्ही वर पाहिलं. फळीवर लोणच्याच्या बरण्या आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेला पत्र्याचा मोठा डबा.

"आणि फोटोचं काय? तुला तो नको होता का?" माईने विचारलं.

"दात दिसतात सगले! जावा हसतात मना," त्या म्हणाल्या, पण हे सांगतानाही त्यांचे सगळे दात दिसत होते. "कारड मी कनाला घेऊ? आन घेतला तरी त्याला उगरायचा कुठून?"

शेवटी केसरीनाथ शेठ. झोपाळ्यावर बसले होते, पांढरा सदरा, हातात सुपारीचा डबा, पोट समाधानी. घरातली मांजर त्यांच्या मांडीवर बसून त्यांची बोटं चाटत होती. गावाच्या नाक्यावर त्यांचा दहा फुटी फ्लेक्स लागला आहे, हात जोडलेला, वर लिहिलंय "त्यागमूर्ती".

"माई, माज्या घरात पाव्हन्याची चोरी! मान खाली जाली माजी."

"सोमवारी तुम्ही कुठे होतात, शेठ?"

"देवलात. गवंडी आलेले. मी आपला फोटो बगितला तो कुणालच्या मोबाइलवर." त्यांचा चेहरा एकदम फुलला. "पन काय बाई हाय! कशी चढली, कसा दांडा धरला! आन हॉर्न तर असा दाबला दोनदा, सगल्या गोदामातली कबुतरा उडाली. वाघीन हाय माजी राही!"

"खरंच वाघीण," माई म्हणाली. मग ती उठली आणि मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलाव. आणि ती शिडीसुद्धा."

४

तीन वाजले होते. ग्लेब दाराशी टेकून नखं खात होता. मी त्याला प्रत्येक वाक्य हळू आवाजात सांगत होते.

"कुणालला तो फोटो नको होता," माईने सुरुवात केली. "रघूलाही नको होता. राहीला दात दिसल्याचं दुःख आहे, असं ती म्हणते. पण मला सांगा, जो फोटो अकरा लाख लोकांनी आधीच पाहिला, तो लपवून कुणाचं काय भलं होणार? कार्ड आठवडाभर त्या डबीत सुखाने पडलं होतं. आज सकाळी नऊपर्यंत कुणाला त्याची भीती वाटली नाही. साडेनऊला ते गेलं. मधे घडलं काय?"

"मेल आली," मी म्हणाले.

"आणि त्यात नवीन काय होतं? मागच्या दहा, पुढच्या दहा! चोराला भीती राहीच्या फोटोची नव्हतीच. तिच्या आगेमागे काढलेल्या फोटोंची होती. फोर्कलिफ्ट म्हणजे चालती गाडी. एका फोटोत ती मागचं झाकते, पण पुढच्या फोटोत ती पुढे गेलेली असते. मग मागचं दिसतं."

"मागं काय, खोकी हायेत नुसती," केसरीनाथ शेठ म्हणाले.

"तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही तर देवळात होतात. आणि शेठ, मोबाइलवरच्या फोटोतून हॉर्न ऐकू येत नाही. दोनदा वाजला, कबुतरं उडाली, हे फोटो बघून कळत नाही. ग्लेब, हॉर्न खरंच दोनदा वाजला होता?"

मी विचारलं. ग्लेबने दोन बोटं दाखवली.

"राहीने नाहीतर रघूने सांगितलं असेल, असं तुम्ही म्हणू शकता. पण नुसतं ऐकलेलं सांगताना माणसाचा चेहरा असा फुलत नाही. तुम्ही तिथे होतात. आणि रघू न विचारता सांगत होता की दुसरं कुणी नव्हतं."

झोपाळ्यावरची मांजर आता शेठच्या पायाशी येऊन बसली होती.

"कुणाल, कार्डाचं काय केलं असतंस तू? मोडलं असतंस, नाहीतर खाडीत फेकलं असतंस. पण ते कार्ड शाबूत आहे, हे मी छातीठोक सांगते. त्यात राहीचा फोटो आहे. जित्या बायकोचा फोटो पाण्यात टाकायचा नाहीतर विस्तवात घालायचा, असलं अशुभ काम शेठच्या हातून या जन्मी होणार नाही. मग ते कुठे असेल? घरात जिथे दुसरं कुणी हात घालणार नाही, पण त्यांचा हात रोज जातो तिथे. त्या बरण्यांवर बोटभर धूळ आहे. पाच महिने न उघडलेल्या डब्याच्या फडक्यावर कणभरही नाही. चढ वर."

कुणाल शिडीवर चढला. फडकं सोडताच सुक्या बोंबलांचा वास घरभर पसरला आणि मांजरीने जी हाक दिली ती नाक्यापर्यंत ऐकू गेली असेल. डब्यात, बोंबलांच्या मधोमध, नव्याकोऱ्या रुमालात आणि त्यावर तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं कार्ड होतं.

"तिच्या फोटोला वास लागू नये, म्हनून," शेठ पुटपुटले.

ग्लेबने ते लॅपटॉपला लावलं. पुढची चौथी फ्रेम. राहीबाई पुढे गेलेल्या, आणि मागे खोक्यांच्या थप्पीआड उकिडवे बसलेले त्यागमूर्ती केसरीनाथ शेठ. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात भाजलेला बोंबील, बायकोकडे बघणारे डोळे कौतुकाने विस्फारलेले आणि तोंड भरलेलं.

"बोंबील मीच भाजून द्यायचू, माज्या खोलीवर," रघू एका दमात बोलून मोकळा झाला.

"आता आगऱ्याच्या पोरानं कवरा दम धरायचा?" शेठचा आवाज रडवेला झाला होता. "पयले पंधरा दिस काढले मी. मंग रातचे सपनात पापलेट यायला लागले. राही, मी तुला फसवला गो."

राहीबाईंनी डबा कुणालच्या हातून घेतला, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "कसला फसवला? हा डबा तीनदा भरलाय मी. पडघ्याच्या बाजारात जायची, त्या कनाला वाटला तुमाला? पाच म्हैने वांगी खाऊन कोनाचा पोट सुटतं काय?"

सगळेच हसलो. शेठसुद्धा हसले, पण अर्धेच. कारण ग्लेब हसत नव्हता. तो माझ्याकडे वळला आणि हळूहळू बोलला.

"तो म्हणतोय, ह्या फ्रेम पाठवल्या की स्पर्धावाले त्या सगळ्यांना दाखवणार. तुमचं गाव बघणार. तुम्ही याला तीन आठवडे घरात ठेवलंत. तुम्ही नको म्हणालात, तर तो पाठवणार नाही."

"आन मंग त्याचा काय?"

"मग त्याला खोटा ठरवतील. तो म्हणतो, पूल बांधायचं शिक्षण आहे अजून."

शेठ उठले आणि त्यांनी पायात चपला सरकवल्या. पावणेपाच झाले होते.

"गुलाबभाऊला म्हनावं, ती पेटी घे आन चल माज्यासंगं."

५

गावदेवीच्या अर्ध्या बांधलेल्या मंडपात शेठनी देवळाच्या समितीला बोलावून घेतलं. दहा-बारा माणसं जमली. मधे खुर्चीवर आक्का बसल्या. वय पंच्याऐंशी, देऊळ त्यांनी दिलेल्या जागेवर उभं आहे, त्यामुळे समितीत त्यांना पद नाही आणि त्यांच्या शब्दापुढे कुणाचं पद नाही.

शेठनी लॅपटॉप आक्कांपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. काहीही गाळलं नाही. पंधरा दिवस, खोक्यांची थप्पी, डबा, कार्ड. "मी कबूल करत न्हाय, तर ह्या परक्या पोराला दुनिया खोटा बोलंल. तो खरा हाय. खोटा मी हाय." शेवटी त्यांचा आवाज फाटला. मला त्या क्षणी हा माणूस त्याच्या दहा फुटी फ्लेक्सपेक्षा फार मोठा वाटला.

आक्कांनी चष्मा पुसून फोटो जवळून पाहिला.

"केसरी," त्या म्हणाल्या, "जत्रंला गावदेवीला सुक्या म्हावऱ्याचा निवद कोन दाखवतंय?"

"आमीच, आक्का."

"खाडीकाठची देवी ती. तिच्यासमोर तू म्हावरा सोडायची शप्पथ घेतलीस, तवाच हसली असंल ती तुला. तिला तुजा उपास कोनी मागितला? तिला कलस पायजे." मग त्यांनी काठी आपटली. "पन पाच म्हैने गावाला खोटा बोललास, त्याचा दंड हाय. नाक्यावरचा तो फलक तुज्या हातानं उतरव. आत्ता. गडी लावायचा न्हाय."

शेठनी हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, धाड त्ये फोटो. सगले."

पाच बावन्नला ग्लेबने बटण दाबलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, की फोटो अस्सल आहे. खाली एका परीक्षकाने विचारलं होतं, की मागे बसलेले ते सुखी गृहस्थ कोण? पण ते पुढचं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे नाक्यावर होतो. बहात्तर वर्षांचे केसरीनाथ शेठ बांबूच्या शिडीवर, खाली शिडी धरून राहीबाई आणि माई, बाजूला अर्धं गाव, ट्रकवाले गाड्या थांबवून बघताहेत. फ्लेक्सची एक बाजू सुटली आणि त्यागमूर्तींच्या जोडलेल्या हातांनी वाऱ्यावर खऱ्या शेठना गुंडाळून टाकलं. लोक खो खो हसत होते. आणि बारा वर्षांत एकही दिवस न चुकलेला ग्लेब कॅमेरा गळ्यात लटकवून, हात मागे बांधून, मान खाली घालून उभा होता.

"काढत का नाहीस?" मी विचारलं.

"आज त्यांनी मला पुरेसं दिलं," तो म्हणाला. "आणखी घेणं बरं दिसणार नाही."

वरून फ्लेक्समधून शेठचं डोकं बाहेर आलं. घामाघूम, केस विस्कटलेले, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच मोकळं हसू.

"ए गुलाबभाऊ!" ते ओरडले. "बोंबील खाताना काढलास, ते मी काय बोललो न्हाय. आता जल्मात एकदा खरा बोललोय, तर हात बांधून काय उभा हायस? काढ ना लवकर, माजे पाय कापतात!"

मी भाषांतर करायला तोंड उघडेपर्यंत ग्लेबने कॅमेरा डोळ्याला लावला होता.